काढून ठेवलेलं साडीगार्ड

माझ्या भावाला मोटरसायकल चालवायला एका संध्याकाळात शिकवलं आणि ती थांबवायला कोणी शिकवलंच नाही. सातपूरला आमच्या कॉलनीच्या मागे कारखान्यांकडे जाणारे रुंद रस्ते होते. साप्ताहिक सुट्टीला ते इतके मोकळे असायचे की कुत्री मधोमध झोपायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्याच एका कारखान्यात लेथवर काम करायचे. नवी गाडी आल्यावर पहिल्याच सुट्टीला ते दादाला घेऊन त्या रस्त्यावर गेले, आणि बघायला म्हणून आई आणि मीही गेलो. अण्णा मागे बसून सांगत होते, क्लच हळू सोड, आता गॅस दे, घाबरू नको. थोड्या फेऱ्यांनंतर ते उतरले आणि दादा एकटाच निघाला. परत आला तो ब्रेक दाबायचा सोडून दोन्ही पाय जमिनीवर घासत आला. चपलेचा अंगठा तुटला, आम्ही सगळे हसलो आणि शिकवणी संपली. मी तेव्हा कॉलेजात होते. मला शिकवाल का, असं विचारलं तेव्हा अण्णा हसतच म्हणाले, "तू आधी मागं बसायला शिक." चेष्टाच होती ती. पण मागे बसायलाही आमच्याकडे कोणी कधी शिकवलं नव्हतं. ते बायकांना उपजत येतं अशी समजूत होती. दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर पिशवी, एका हातात पदर, आणि चालवणाऱ्याला अडचण होणार नाही अशा बेताने जीव मुठीत धरून बसायचं.

आमचं घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि त्याच्याही आधी आईच्या भाकरीचा आवाज सुरू व्हायचा. तो आवाज बंद झाला की अण्णांचा डबा भरला असं समजायचं. अण्णांच्या कपड्यांना लेथच्या तेलाचा वास असायचा, सोड्यात भिजवून, ब्रशने घासूनही न जाणारा. आई कळवणकडची. तिच्या हातचं उडदाचं घुटं, त्यावर लसणाची खमंग फोडणी, सोबत बाजरीची भाकरी आणि कच्चा कांदा, यापुढे मला आजही कुठल्या हॉटेलातलं काही चांगलं वाटत नाही. मसाला ती पाट्यावरच वाटायची. तो पाटा पडवीत असायचा, उजेडात, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलता येईल असा. गाडी आली आणि पडवी गाडीची झाली. पाटा उचलून मोरीजवळ नेला. तिथे आईच्या पाठीला भिंत टेकायची आणि ओल्याने तिचे पाय गारठायचे. गाडीवर मात्र रोज फडकं फिरायचं. पावसाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून पडवीला गोणपाटाचा पडदा लागला. आईने याबद्दल चकार शब्द काढला नाही. मीही नाही. इतक्या वर्षांनी लिहिताना सगळ्यात आधी राग येतो तो त्या गोणपाटाचा.

दादा कामाला लागला तशी गाडी जवळजवळ त्याचीच झाली. एके दिवशी तो गॅरेजमधून आला तो गाडी निराळीच दिसत होती. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला साडीगार्ड असतं, लोखंडी सळ्यांची जाळी. साडी, ओढणी चाकात जाऊ नये म्हणून ती लावलेली असते आणि तिच्याच खाली एका बाजूला बसणाऱ्या बाईचे पाय ठेवायला पट्टी असते. दादाने ती जाळी पट्टीसकट काढून आणली होती. सीटमागचं धरायचं हँडलही काढलं होतं. त्याच्यामुळे गाडी बायकी दिसते, असं त्याचे मित्र म्हणत. अण्णांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बघितलं, आणि जेवायला बसले. आईने फक्त विचारलं की मग मी कशाला धरू. दादा म्हणाला, मला धर. पण वाढलेल्या मुलाच्या कमरेला रस्त्यावर मिठी मारायची तिला लाज वाटायची. ती सीटच्या कडेला बोटं रुतवून बसायची. काढलेली जाळी फेकून देणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने ती धुतली, मोरीजवळच्या भिंतीला दोन खिळे मारून टांगली आणि तिच्यात ताटं निथळत ठेवायला लागली. जी गोष्ट तिचा जीव राखायला होती तिच्यात ती आमची ताटं ठेवत होती, आणि आम्ही त्या ताटांत जेवत होतो.

मामाने कळवणला नवं घर बांधलं, त्याची वास्तुशांत होती. अण्णा आणि मी एसटीने निघालो. एसटीत आईला मळमळायचं, म्हणून ती दादाबरोबर गाडीवर आमच्या थोडी आधी निघाली. अंगावर नवी, हलकी, झुळझुळीत साडी. निघताना दादाने तिला पदर खोचायला सांगितलं होतं आणि तिने खोचला होता. मी स्वतः पाहिलं आहे. दिंडोरी मागे पडली, वणी जवळ आली, आणि आमची एसटी एकदम हळू होऊन थांबली. पुढे माणसं जमली होती. खिडकीतून मला आधी साडीचा रंग दिसला. तो चाकात दिसला. आई डांबराच्या कडेला पडली होती, परकर-पोलक्यावर, डावं पाऊल ओळखू येणार नाही असं झालेलं. पदर वाऱ्याने सुटला, चाकाने ओढला, साडीसकट तिला मागे खेचलं आणि लोंबकळता पाय चाकाच्या तारांमध्ये गेला. दादाला खरचटलंसुद्धा नव्हतं. तो भ्यायला होता, मान्य आहे, त्याचे ओठ पांढरे पडले होते. पण आई तिथे पडलेली असताना तो चाकातली साडी ओढून काढत बसला होता. माणसं उभी राहून बघत होती. गवताचा भारा रस्त्यात टाकून एक आदिवासी बाई तेवढी खाली बसली होती. तिने आपल्या डोक्याचं फडकं सोडून आईच्या पायांवर पांघरलं. मी ओढणी काढून वर घातली. आणि माझ्या डोक्याच्या वरून कोणीतरी पुरुष शांतपणे म्हणाला, "पदर सांभाळता येत नाही अन् गाडीवर बसायची हौस." मी वर पाहिलं तेव्हा तो कोण ते कळलं नाही. सगळ्यांच्याच चेहऱ्यावर ते वाक्य होतं.

आईच्या पायाची बोटं काढावी लागली आणि घोटा कायमचा ताठला. घरी आणल्यावर भेटायला माणसं यायला लागली. मोसंबी, बिस्किटाचे पुडे, आणि ते वाक्य. शेजारच्या काकू म्हणाल्या, मी तर बाई पदराला पिनच लावते. अण्णांचे मित्र म्हणाले, वहिनींचा तोल गेला असेल. दादा प्रत्येकाला सांगायचा की मी तिला पदर खोच म्हटलं होतं. मी सगळ्यांना चहा करत होते आणि मला वाटायचं, उकळतं आधण तसंच बाहेर नेऊन ओतावं. सगळ्यात जास्त राग मला आईचा यायचा. ती पलंगावर उशीला टेकून, समोरच्याला बरं वाटावं अशा आवाजात म्हणायची, "माझंच लक्ष नव्हतं." कोणी न मागता ती सगळ्यांना सोडवत होती.

मग मामा आला. तो सुरगाण्याच्या बाजूला आश्रमशाळेत शिक्षक होता. कळवणहून घाटातून रोज मोटरसायकलने जाऊन येऊन करायचा आणि न चुकता हेल्मेट घालायचा. त्या काळी आमच्याकडे हेल्मेट म्हणजे थट्टेचा विषय होता. गावातली पोरं त्याला 'मडकं मास्तर' म्हणत. तो आईजवळ बसला, तिच्या पायावर बराच वेळ हात ठेवून राहिला, आणि मग पडवीत जाऊन गाडीपाशी उकिडवा बसला. आत येऊन त्याने विचारलं की ह्याचं साडीगार्ड कुठं हाय. खोलीत पाहुणे होते. अण्णा कपातल्या चहाकडे बघत राहिले. दादा म्हणाला, ते केव्हाचंच काढलंय. मी मोरीकडे गेले, जाळीतली ताटं खाली ठेवली, खिळ्यांवरून ती उपसून काढली आणि आणून पाहुण्यांच्या मधोमध जमिनीवर ठेवली. अण्णा म्हणाले की बाहेरच्या लोकांसमोर तमाशा नको, झालं ते झालं, आता पोराला काय फाशी देऊ?

"फाशी नका देऊ," मी म्हटलं. "खरं बोला. दादाने हे काढलं, आणि तुम्ही बघून जेवायला बसलात."

अण्णांनी हात उगारला. मामा मधे येऊन उभा राहिला. पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. त्याच दुपारी मामाने स्वतः पाना घेऊन जाळी आणि पडवीत पडून असलेलं हँडल जागेवर बसवलं. दादा घरात असून बाहेर आला नाही. आज तो आजोबा झाला आहे, तिकडे पुण्याला असतो, फोनवर प्रेमाने बोलतो. आणि अजूनही बोलता बोलता 'आई पडली तेव्हा' असं म्हणतो. प्रत्येक वेळी मी म्हणते, पडली नव्हती. प्रत्येक वेळी तो विषय बदलतो.

त्यानंतरच्या सुट्टीत मी कळवणला गेले आणि मामाला म्हटलं की मला गाडी शिकव. त्याने का, कशाला, असं काही विचारलं नाही. ओढणी घरी ठेव, एवढंच म्हणाला. शाळेच्या मैदानावर पहिले काही दिवस त्याने मला गॅस देऊच दिला नाही. गाडी ढकलायची, वजन ओळखायचं, बंद गाडीवर उतारावरून यायचं आणि सांगेल तिथे थांबायचं. पुढचा ब्रेक किती, मागचा किती, खडीवर काय होतं, ओल्या शेणावर काय होतं. एकदा मी वळणावर पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि आडवी झाले. पोटरीला तापलेला सायलेन्सर लागला. तो डाग अजून आहे. मामाने त्याला कोरफड लावली आणि लगेच पुन्हा गाडीवर बसवलं. मग रस्ता. तिथे त्याचं तोंड बंद नसायचं. ती गाय थांबणार नाय, तिच्या मागून जा. त्या पोराचा चेंडू आला म्हंजे पोरगं येणारच. बैलगाडीला दिवा नसतो, अंधार पडायच्या आत घर गाठ. जीपवाल्याला वाट दे, तो तुझ्याशी शर्यत लावायला आलेला नाय, त्याला टपावरची माणसं पोचवायची हायेत. मी चांगली चालवायला लागले, पण मधेच काहीतरी आठवायचं, त्या रस्त्यावरचं वाक्य किंवा उगारलेला हात, आणि गाडी उधळायची. एका चढावर मी असंच केलं तेव्हा त्याने थांबायला लावलं, किल्ली काढून घेतली आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसला.

"नंदे, तुझा राग खोटा नाय," तो म्हणाला. "पण गाडीवर बसली की तो मुठीत उतरतो. मुठीत उतरला की तू मरशील, आणि म्हनतील, बाईला गाडी झेपली नाय."

मला उपदेशाचा तिटकारा आहे, पण त्या शेवटच्या वाक्याने मी वाचले. मला काही झालं तर त्याचा दोषही बाईवरच जाईल, या संतापाने मी सावध चालवायला शिकले. लोक म्हणतात राग माणसाचा घात करतो. करत असेल. मी मात्र इतकी वर्षं आरशात बघितल्याशिवाय वळले नाही, ते भीतीने नाही. त्या रस्त्यावरच्या माणसाला पुन्हा ते वाक्य म्हणायला मिळू नये म्हणून.

लायसन्स काढून घरी आले तरी अण्णांनी किल्ली दिली नाही. किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची, झोपताना उशीखाली. लोक काय म्हणतील, एवढंच त्यांचं म्हणणं. आईचं तोवर घराबाहेर जाणंच बंद झालं होतं. एसटीच्या उंच पायरीवर तिचं पाऊल ठरायचं नाही, गर्दीत कोणी त्याच्यावर पाय दिला की ती पांढरीफटक पडायची. तिची सख्खी मावशी गेली तेव्हाही तिला नेलं नाही. मग मामाच्या मुलीचं लग्न ठरलं. आईची ती एकुलती एक भाची, हातावर वाढलेली. हळदीच्या दिवशी सकाळी अण्णा कपडे घालून तयार झाले आणि म्हणाले, "तू राहा घरीच. तिकडं सगळे समजून घेतील." दादाची पाळी होती, तो कामावर गेलेला. मी किल्ली मागितली. नाही म्हणाले. मी पुन्हा मागितली. माझा आवाज चढला, त्यांचाही चढला, आणि शेजारच्या घरातला रेडिओ कोणीतरी आमचं ऐकायला म्हणून बारीक केला.

तेवढ्यात आई आतून आली. तिने माझा पंजाबी ड्रेस घातला होता. आदल्या दिवशी तिने तो मला न सांगता बाजूंनी उसवून, परत शिवून ठेवला होता. दंडाला तरीही घट्ट होत होता. जन्मात कधी साडीशिवाय दुसरं काही न नेसलेली बाई, घरातल्या घरात लंगडत, सलवारीची नाडी आत खोचत, नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. मी सुद्धा नजर वळवली, इतकं ते अनोळखी होतं. ती ओरडली नाही. तिने हात पुढे केला. अण्णा म्हणाले, हे असलं घालून रस्त्यानं जाणार? तिने त्यांच्या खिशात स्वतः हात घालून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. माझ्या देखत तिने त्यांच्या अंगाला हात लावलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता.

मामाने दिलेली दोन हेल्मेटं होती, एक त्याचं जुनं. कॉलनीतून निघालो तेव्हा दारादारांत माणसं आली. आई दोन्ही बाजूंना पाय टाकून, माझ्या कमरेला दोन्ही हातांनी धरून बसली होती. तिची पकड एवढी होती की मला श्वास घ्यायला त्रास होत होता, पण मी सैल कर म्हटलं नाही. सावकाश गेलो. तिच्या पायाला कळ लागली की थांबायचं, पाय लांब करून बसायचं, दशम्या खायच्या, पुन्हा निघायचं. वणीच्या अलीकडे तो रस्ता आला. मला वाटलं ती काही बोलेल. ती म्हणाली, समोर बघ, ट्रॅक्टर वळतोय. मी वेग कमी केला, ट्रॅक्टर वळून गेला, आणि आम्ही पुढे गेलो.

मामाच्या दारात मांडव पडला होता. बायका ओट्यावर पाट्यावर हळद वाटत होत्या. आईला तशी उतरताना पाहून वरवंटा थांबला. कोणी तोंडावर पदर घेतला, कोणी हसू दाबलं. मामीने येऊन तिला जवळ घेतलं तेव्हा कुठे त्यांना कंठ फुटला. मग सगळं बारीक विचारून झालं. शेवटी एका म्हाताऱ्या चुलतीने काळजीनेच विचारलं, की एकदा पडलीस तरी पुन्हा गाडीवर बसलीस, भीती नाय वाटली का गं? आई चप्पल काढत होती. ती त्या तुटक्या पावलाकडे बघत म्हणाली, "काकी, मी पडले नव्हते. माझ्या घरच्यांनी गाडीची जाळी काढली, म्हणून चाकाने मला ओढलं. मी नीट बसले होते."

मोठ्याने म्हणाली नाही, पण ओट्यावर सगळ्यांना ऐकू गेलं. मी मान वर केली तर मांडवाच्या तोंडाशी अण्णा उभे होते. वाटेत आम्ही थांबत आलो, तोवर एसटी पोचली होती. हातात पिशवी, टोपी घामाने चिकटलेली. त्यांनी ऐकलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. बायका पाट्याकडे बघायला लागल्या. कळवणला जावई उंबऱ्यात आला की पाण्याचा तांब्या घेऊन दोन पोरी धावतात. मामी जागची हलली नाही. मामा खांबाला टेकून उभा होता, तोही हलला नाही. मी तर नाहीच.

अण्णांनी थोडी वाट पाहिली. मग पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, सगळ्यांमधून वाट काढत आत माठापर्यंत गेले आणि स्वतःच्या हाताने पाणी घेऊन प्यायले.